मी खोडलेली तीन वाक्यं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही. तिथं मी मुलांच्या नोकरीचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो, आणि घंटा वाजवून परत येतो. पाच वर्षं होत आली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं थोडं सोपं जातंय. की तेही खोटंच? कुणास ठाऊक. सोपं काहीच वाटत नाही.

गोष्ट एका मजकुराची आहे. फोनवर फिरणाऱ्या. तुम्हीही तो वाचला असेल. वाचून कदाचित पुढेही पाठवला असेल. त्याखाली लेखकाचं नाव नसतं. कुणीतरी नंतर 'लेखक अज्ञात, पण विचार करायला लावणारे' अशी ओळ जोडली, आणि आता ती त्याचाच भाग होऊन बसली आहे.

पण आधी बेनूबद्दल सांगायला हवं. त्याचं पूर्ण नाव इथं घालत नाही. घरात त्याला बेनू म्हणत, शाळेत बेन्या. सांगलीजवळ माधवनगरला माझे वडील आणि त्याचे वडील एकाच गिरणीत होते. आमची खोली आणि त्यांची खोली यांच्यात एक भिंत. त्याचं आडनाव आपल्या लोकांसारखंच, कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्याची आई, लियामावशी, नऊवारी नेसायची, कपाळाला काही लावायची नाही. शनिवारी तिच्या घरी चूल पेटायची नाही, म्हणून शुक्रवारीच सगळं शिजवून ठेवलेलं असायचं. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला एक बोटभर लांबीची पेटी ठोकलेली होती. आत त्यांच्या प्रार्थनेचा कागद. बाहेर जाताना, आत येताना ती पेटीला बोटं लावून ओठांना लावायची. आम्ही तुळशीला हात जोडतो तसंच ते, असं मला वाटायचं. आळीत त्यांना कुणी इस्राईल म्हणे, कुणी ख्रिश्चन समजे. ज्यू हा शब्द माधवनगरात कुणाला माहीत होता? मलाही नव्हता. तो मी फार पुढं, कुठल्याशा मासिकात वाचला आणि मग एकदा जाणवलं—अरे, म्हणजे बेनू!

बारा वर्षांचा असताना मला टायफॉईड झाला. तो उलटला. आई रडून रडून थकली होती. वडील पाळी सोडून घरी राहिले, म्हणजे काय असेल ते तुम्हीच ओळखा. लियामावशीनं तेव्हा भिंतीपलीकडं नवस बोलला—पोर उठलं तर मलिदा करीन. त्यांच्याकडं एलियाहू नबीच्या नावानं तो करतात. मी उठलो. तिनं केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, एका ताटात रचलेले, भोवती पाच फळं. वर पांढरं फडकं. तो उन्हाळा होता आणि पाचवं फळ मिळेना, म्हणून बेनूनं कुणाच्या तरी परसातला पेरू तोडून आणला. दगडासारखा, हिरवागार. 'असू दे,' मावशी म्हणाली, 'देवाला दात आहेत.' आम्ही हसलो. मी अशक्त होतो, हसताना खोकला आला. वाऱ्यानं दिवा विझायला लागला म्हणून तिनं दार लोटून घेतलं. मग बेनूच्या वडिलांनी त्यांच्या भाषेत काही म्हटलं, थोडं मराठीत म्हटलं, आणि पहिला घास मला दिला. मला. घरच्या पोराच्या आधी.

हे नीट लक्षात ठेवा. लोटलेलं दार, पांढरं फडकं, कच्चा पेरू. कारण मी पण ते नीट लक्षात ठेवलं होतं—हाच तर माझा गुन्हा आहे.

गिरणी बंद पडली. आम्ही आमच्या गावी, वडूजला परतलो, बेनू तिथंच राहिला. त्यानं माधवनगरच्या रस्त्यावर औषधाचं छोटं दुकान काढलं. मी पुढं शिरवळला एका कारखान्यात लागलो. तयार माल तपासून सही करायची, एवढंच काम. आमची भेट लग्नाकार्यात होई. मग शाळेच्या बॅचचा ग्रुप निघाला आणि रोज 'शुभ सकाळ' सुरू झालं. मैत्री होती. ती तुटायला काही कारण नव्हतं. मला त्याचा राग होता का? मत्सर? मी हे स्वतःला फार वेळा विचारलंय, कारण राग सापडला असता तर निदान काही हाताला लागलं असतं. नव्हता राग.

टाळेबंदीत आमचा कारखाना निम्म्या माणसांवर चालू राहिला. आठवड्याला तीन दिवस काम, बाकीचे चार दिवस खोलीत. बायको-मुलं वडूजला. मेसवाला डबा पायरीवर ठेवून, कडी वाजवून, मी दार उघडायच्या आत गल्लीच्या टोकाला गेलेला असायचा. दिवसचे दिवस मी माणसाचा आवाज फक्त फोनमधून ऐकत होतो. तेव्हा मी कारखान्याच्या ग्रुपवर लिहायला लागलो. काढा कसा करावा, भीती कशी घालवावी. मराठी माझं चांगलं आहे, शाळेपासून. लोक शाबासकीचे अंगठे टाकत. एकानं 'सर' म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले. मला उभ्या जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा लाखो माणसं एकटी होती. त्यांनी काय केलं? भिंतीकडं बघत बसली, पापड लाटले, भांडली. त्यांनी हे नाही केलं.

एक दिवस ग्रुपवर हिंदीत एक मजकूर आला. हा रोग ज्यूंनी सोडलाय, औषधाचा धंदाही त्यांचाच, जगाची दोरी त्यांच्या हातात—असला. धड वाक्यं नव्हती, मधे मधे लाल बावट्याची आणि कवटीची चित्रं. ते खोटं आहे हे कळायला अक्कल लागत नव्हती. मला कळलं होतं. हे लिहून ठेवतो: मला कळलं होतं. पण पॅकिंगमधला एकजण म्हणाला, 'सर, ह्ये आपल्या मराठीत करा की जरा. आमची म्हातारी हिंदी वाचत न्हाई, आन् तुमी लिवलेलं तिला लय आवडतंय.'

मी केलं. दुपारी जेवून बसलो आणि तीनपर्यंत केलं. वाक्यं सरळ केली, कवट्या काढल्या, शिव्या काढल्या. भाषा अशी शांत ठेवली की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस उगाच बोलणारा नाही. आणि मग मला ते फिकं वाटायला लागलं. कशाला तरी टेकलेलं नव्हतं ते. अशा लेखात 'मी स्वतः पाहिलं आहे' असं कुणीतरी म्हणावं लागतं. बघा, वर्षानुवर्षं माल तपासणारा माणूस मी—कुठं कमी आहे ते मला लगेच दिसतं.

म्हणून मी ते घातलं. मी लिहिलं की माझ्या परिचयातल्या अशा एका घरात मी लहानपणी स्वतः गेलो आहे. दारावर एक बंद पेटी असते, तिच्यात काय ते परक्याला दाखवत नाहीत. दार लावून एक विधी करतात. पांढऱ्या फडक्याखाली ताट, परकी भाषा, पाच फळं—त्यातलं एक मुद्दाम कच्चं ठेवलेलं. 'का, ते त्यांनाच ठाऊक', असं शेवटी लिहिलं. आणि पुढं दोन टिंबं नव्हे, तीन.

प्रत्येक वस्तू खरी होती की नाही? खरी होती. 'मुद्दाम' आणि 'दाखवत नाहीत' तेवढं माझं. आणि ते ताट माझ्यासाठी होतं, हे मी लिहिलं नाही.

नाव घातलं नाही. नम्रता वाटावी म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. कारखान्याच्या ग्रुपवर टाकलं. शाळेच्या ग्रुपवर टाकलं नाही. म्हणजे बेनू मला आठवत होता, त्याच्या नजरेला पडू नये एवढी काळजी मी घेतली होती. शिरवळातलं शिरवळात राहील असं वाटलं. असं कुणाला वाटतं? ज्यानं आयुष्यात कधी फोन पाहिला नाही त्याला. किंवा मला.

नऊ दिवसांनी ते शाळेच्या ग्रुपवर आलं. दत्ता म्हणून आमचा एकजण फौजेतून सुभेदार होऊन परतलाय, त्यानं पाठवलं. खाली लिहिलं होतं: 'लय भारी लिवलंय कुणीतरी. आरं बेन्या, तुज्या दारावर बी तसली पेटी हाय की रं! काय दडवलंयस त्यात, गड्या? आमाला बी दाव.' पुढं हसरे चेहरे. दत्ता वाईट माणूस नाही. त्यानं गंमत केली. मग दुसऱ्यानं केली. तिसऱ्यानं विचारलं, 'व्हय रं, तुज्या दुकानातल्या गोळ्या बी तुमच्याच लोकांच्या का?' बेनूनं एक हसरा चेहरा टाकला. एकच. त्यानंतर तो ग्रुपवर बोलला नाही. आणि मी? मी त्या दिवशी कुणाच्या तरी नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

माधवनगरात ज्यू म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, असं मी वर म्हटलं. माझ्या मजकुरानं ते सगळ्यांना सांगितलं. आणि बेनू कोण आहे, तेही. ज्या बाईला वीस वर्षं तो उधार-उसनवार न बघता बाळाचं औषध देत आला, ती घेतलेल्या गोळ्या परत द्यायला आली. पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाली, 'दादा, राग मानू नका, आमच्या ह्यांनी सांगितलंय दुसरीकडनं घे.' हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. एका सकाळी दुकानाच्या शटरवर तो मजकूर छापून चिकटवलेला होता. पेटीच्या आणि फळांच्या ओळीखाली लाल रेघ. त्यानं फोटो काढून मला पाठवला. माझीच वाक्यं. रेघ बरोबर माझ्या वाक्यांखाली होती, हिंदीतून आलेल्या वाक्यांखाली नव्हती.

मग त्यानं मला फोन केला. आणि मला म्हणाला—

'गड्या, तुजं मराठी चांगलं हाय. याला कायतरी उत्तर लिवून दे की. माजं मराठी दुकानाच्या पाटीपुरतं.'

मला. तो मला सांगत होता.

मी तेव्हा सांगू शकत होतो. चार शब्दांचं वाक्य होतं: ते मी लिहिलं आहे. ते तोंडात आलं होतं का? हो, आलं होतं. मी म्हणालो, 'सोडून दे रं. लोक आठ दिवसांत विसरतात. उत्तर दिलं की उलट वाढतं.' अगदी शहाण्यासारखा बोललो. तो म्हणाला, 'आईला सोडून दे म्हणून कसं सांगू? ती दारात बसती. येणाराजाणारा पेटीकडं बघतोय.'

त्यानं शेवटी स्वतःच लिहिलं. वहीची दोन पानं, निळ्या शाईत. फोटो पाठवला आणि म्हणाला, निदान शुद्धलेखन तरी बघ. मी ती पानं कितीदा वाचली सांगू? वडील गिरणीत किती वर्षं होते ते लिहिलं होतं. पेटीत काय असतं ते लिहिलं होतं. कुणालाही बघायचं असेल तर दुकान बंद झाल्यावर घरी यावं, आई चहा देईल, असं लिहिलं होतं. आणि दुसऱ्या पानावर तीन वाक्यं होती. 'ज्याने हे लिहिले तो आमच्या घरात जेवून गेला आहे. कच्च्या पेरूची गोष्ट बाहेरच्याला माहीत असणे शक्य नाही. माझ्या आईला तो कोण ते कळले आहे पण ती सांगत नाही.'

मी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. काना-मात्रा सुधारली. आणि ती तीन वाक्यं खोडली. बेनूला फोन करून म्हणालो, 'ही तीन जरा कच्ची वाटतायत. आरोप केल्यासारखं होतंय. बाकी उत्तम आहे.'

'बरं,' तो म्हणाला. 'तू म्हणतोस तर काढू.'

लिहिलं ती एक गोष्ट. ते निदान एका दुपारचं होतं, मी कसा होतो हे मला तोवर कळलं नव्हतं. पण खोडताना मला सगळं कळत होतं. त्याच्या उत्तरात खऱ्याजवळ पोचणारं तेवढंच होतं. बाकीचं उत्तर त्यानं ग्रुपवर टाकलं, ते कुणी वाचलं नाही. लांब होतं. लोकांनी अंगठे टाकले आणि दत्तानं लिहिलं, 'आरं आपली गंमत होती, एवढं काय मनावर घेतुस.' ती वाक्यं असती तर कुणीतरी थांबलं असतं. विचारलं असतं, कोण तो?

रस्ते उघडल्यावर मी माधवनगरला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. बेनू दुकानात होता. मावशी घरी एकटी. चौकटीवर पेटी नव्हती. तिच्या जागी दोन भोकं आणि रंग न लागलेली बोटभर पट्टी. मी त्याबद्दल विचारलं नाही. तिनं चहा केला. गुडघे धरून धरून केला, मला उठू दिलं नाही. माझ्या आईची चौकशी केली, पोरांची केली. मग कप घ्यायला वाकली आणि म्हणाली,

'हल्ली काही लिहितोस का रे?'

मी म्हणालो, 'नाही मावशी.'

'बरं करतोस,' ती म्हणाली. आणि कप घेऊन आत गेली. आतून विचारलं, 'जेवून जाशील ना?'

मी जेवलो. तुम्ही म्हणाल, घास उतरला कसा? उतरला. कालवण चांगलं झालं होतं, मी दुसऱ्यांदा घेतलं. माणूस असा असतो, निदान मी तरी आहे.

पुढच्या वर्षी बेनूनं दुकान विकलं आणि मुलीकडं ठाण्याला गेला. तिकडं त्यांचे लोक आहेत, प्रार्थनेला दहा पुरुष जमतात. सांगलीत तो एकटाच होता. सगळ्यांना त्यानं हेच कारण सांगितलं. मलाही. मावशी तिकडं गेल्यावर सहा महिन्यांत वारली. मी गेलो नाही. अंगात कणकण आहे म्हणून कळवलं. नव्हती कणकण.

तो मजकूर अजून फिरतो. मी माझ्या फोनवरून काढून टाकला, म्हणजे समुद्रातून तांब्या भरून काढला. दूर कुठं युद्ध पेटलं की तो पुन्हा वर येतो, कुणीतरी त्यात नवीन फोटो घातलेला असतो. हल्ली काहीजण उलट ज्यूंची भलतीच स्तुती करणारे मजकूर पाठवतात; त्यांनीही कधी बेनूच्या घरात पाऊल ठेवलेलं नसतं. गेल्या महिन्यात माझ्या पुतणीनं तो मला पाठवला. वडूजला, माझ्याच घरात, शेजारच्या खोलीतून. 'काका, खरं आहे का हे? मराठी किती छान आहे ना?'

तिला मी म्हणालो, खोटं आहे. ती म्हणाली, पण लिहिणाऱ्यानं तर स्वतः पाहिलंय. त्याच दिवशी हे लिहायला बसलो.

शिरवळची नोकरी मी सोडली, त्याला आता दीड वर्ष होईल. घर भरलेलं आहे. सून आहे, पुतणी आहे, बायको दिवसभर बोलत असते. मी त्यांच्यात बसतो आणि मला कुणी ओळखत नाही असं वाटत राहतं. ते खरंच आहे. त्यांना माहीत असलेला माणूस वेगळा आहे. एका माणसानं मला ओळखलं होतं, आणि तिनं मला वाढून दिलं.

इथवर लिहून झालं तेव्हा लक्षात आलं—मी पुन्हा तेच करतोय. बेनूचं घर, त्याची आई, त्याचं दार, पुन्हा न विचारता चारचौघांत मांडतोय. म्हणून हे सगळं आधी त्याला पाठवलं. खोडलेल्या वाक्यांसकट. वर एवढंच लिहिलं की नको म्हणालास तर हे छापायला देणार नाही. पण माझ्या घरात आणि आपल्या ग्रुपवर मी ते माझ्या नावानं सांगणार आहे, त्याला तुझी परवानगी मागत नाही.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे त्यानं नको म्हटलेलं नाही. तेवढाच त्याचा अर्थ आहे. मी त्यात आणखी काही वाचत नाही.